‘कोणी एका’ची कैफियत

पोलिसांच्या पंचनाम्यात, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर किंवा एखाद्या जुन्या कज्जाच्या कागदात ‘एक अनोळखी इसम’ म्हणून जो गृहस्थ आपल्याला वारंवार भेटतो, त्याच्या नावागावाचा पत्ता कोणालाच नसतो. आणि मौज अशी की, ज्या ‘इसम’ शब्दाने त्याची नोंद होते, त्या शब्दाचा अरबीतला मूळ अर्थच मुळी ‘नाव’ असा आहे. त्याच घराण्यातला ‘असामी’ हा शब्द तर अरबीत अनेकवचनी, म्हणजे ‘नावे’. परंतु दर असामीस अमुक इतके द्यावे अशी नोंद करणाऱ्या दप्तरातील कारकुनाने तो बिनदिक्कत एकेका माणसाला लावला, आणि पुढे मराठीने त्या शब्दावर आणखी एक संस्कार करून त्याला स्त्रीलिंगी केले, त्यामुळे गावातील मिशाळ सावकारही ‘बडी असामी’ झाला व त्याबद्दल त्याने कधी कोठे फिर्याद केल्याचे ऐकिवात नाही. ज्याला नाव नाही त्याला ‘नाव’ म्हणावे, जो एकटा आहे त्याला ‘नावे’ म्हणावे आणि जो पुरुष आहे त्याला स्त्रीलिंग द्यावे, इतकी उलथापालथ एका अनोळखी माणसाच्या उल्लेखासाठी आपल्या भाषेने मुकाट्याने पचवली. इंग्रजी भाषेत याच अनोळखी माणसापायी पंडितांत, पार्लमेंटात आणि न्यायासनांसमोर दोनअडीच शतके जो वाद चालला, त्याची हकीकत मराठी वाचकाने ऐकण्यासारखी आहे. विशेषतः ज्याने शाळेत ‘एव्हरीबडी’पुढे ‘हॅव’ लिहून छडी खाल्ली असेल त्याने.

ज्या शब्दांना इंग्रजी व्याकरण अनिश्चित सर्वनामे म्हणते, ते समबडी, एनिबडी, नोबडी, एव्हरीवन, ईच, आयदर, नन, सम, ऑल, वन इत्यादी शब्द म्हणजे एक मोठा गोतावळा आहे. आपल्याकडे शालेय व्याकरणाप्रमाणे मूळ सर्वनामे अवघी नऊ, आणि त्यांत अनिश्चितासाठी वेगळी तजवीज नाहीच. ‘कोण’ आणि ‘काय’ ही प्रश्न विचारणारी सर्वनामेच प्रश्न सोडून नुसती उभी राहिली की त्यांस सामान्य किंवा अनिश्चित म्हणावयाचे, असा संसार काटकसरीचा. परंतु ‘सर्वनाम’ हे नावच आपल्याला कोठून मिळाले हे पाहिले, तर या उपेक्षित वर्गाचा मान ध्यानात येतो. पाणिनीने सर्वनामाची व्याख्या केली नाही. ‘सर्व’ या शब्दाने ज्या गणाचा आरंभ होतो त्या गणातील शब्द ती सर्वनामे, एवढेच त्याने सांगितले. त्या गणात सर्व, विश्व, उभय, अन्य, अन्यतर, इतर ही मंडळी पुढे बसलेली आहेत, आणि ‘तू’ व ‘मी’ यांचे संस्कृत पूर्वज पार शेवटच्या पंक्तीला आहेत. इंग्रजी व्याकरण ‘आय’पासून सुरू होते, आपले ‘सर्वां’पासून, यातून कोणी दोन संस्कृतींचे तत्त्वज्ञान काढू पाहील, तर त्याला मी आवरणार नाही, पण त्याच्याबरोबर जाणारही नाही.

इंग्रजीच्या अगदी जुन्या अवस्थेत, नॉर्मन लोक येण्यापूर्वी, ‘कोणीही एक’ या अर्थी ‘मान’ असा शब्द वापरीत असत. जर्मन भाषेत तो अजून त्याच कामावर आहे, आणि फ्रेंचांचा ‘आँ’ हाही लॅटिनमधील ‘मनुष्य’ याच अर्थाच्या शब्दाचा झिजलेला अवशेष आहे. ‘माणसाने किती सोसावे’ असे आपण म्हणतो तेव्हा तो माणूस म्हणजे बहुधा बोलणारा स्वतःच असतो, आणि तरीही तो कोणीही असू शकतो; तोच हा प्रकार. पंधराव्या शतकापर्यंत इंग्रजीतील हे सर्वनाम झिजून झिजून नाहीसे झाले, आणि त्याच्या जागी ‘वन’, म्हणजे नुसता ‘एक’, येऊन बसला. त्याच मध्ययुगात ‘बॉडी’, म्हणजे देह, हा शब्द माणसाच्या अर्थी जोडून समबडी, नोबडी, एव्हरीबडी हे सामासिक शब्द रूढ होत गेले. पुष्कळ काळ ते दोन तुकड्यांत लिहीत, आणि ‘नो वन’ हे आजही तोडूनच लिहावे लागते. ‘एव्हरी’ हा शब्द स्वतःच एक समास आहे: ‘एव्हर’ आणि ‘ईच’, म्हणजे ‘सदा’ व ‘एकेक’, यांची मिळवणी होऊन तो झाला. म्हणून ‘एव्हरीबडी’ म्हणताना इंग्रज समुदाय पाहत असला तरी व्याकरणाच्या हिशेबी तो एकेका देहाची शिरगणती करीत असतो, आणि त्यापुढे क्रियापद एकवचनी येते त्याचे मूळ या समासाच्या पोटात आहे.

‘नोबडी’ आणि ‘नन’ यांची गोष्ट याहून निराळी. ‘नन’ म्हणजे ‘न’ अधिक ‘एक’. नकार क्रियापदाला न देता सर्वनामाच्याच अंगात भरावयाचा, ही युक्ती मराठीला ठाऊक नाही. आपण ‘कोणीही आले नाही’ असे म्हणतो. ‘कोणीही’ हा सबंध वाक्यभर निर्धास्त असतो आणि ‘नाही’ अगदी शेवटी, दिवा मालवल्यासारखे, येते. इंग्रजीत नकाराला उंबरठ्यावरच उभे राहावे लागते, आणि ‘एनि’ या घराण्यातील शब्दाला त्याच्या मागूनच आत जाण्याची परवानगी आहे. ‘एनिबडी डिड नॉट कम’ हे मराठी विद्यार्थ्याचे लाडके वाक्य चुकते ते याच कारणाने: त्यात ‘एनिबडी’ नकाराच्या आधीच घुसला आहे. ‘नोबडी केम’ म्हणावे, किंवा ‘आय डिड नॉट सी एनिबडी’ म्हणावे. नकार आधी, ‘एनि’ नंतर. आपल्या ‘कोणीतरी’ आणि ‘कोणीही’ यांतील भेद ज्याला कळतो त्याला ‘सम’ आणि ‘एनि’ यांतील भेद अर्धा कळलाच म्हणावयाचा. उरलेला अर्धा असा की, इंग्रज विचारताना साधारणतः ‘एनि’ वापरतो, पण पाहुण्यापुढे चहा धरताना, म्हणजे ‘हो’ हेच उत्तर अपेक्षून विचारताना, ‘सम’ म्हणतो.

नकार एकदाच यावा, हा नियम मात्र फारसा प्राचीन नव्हे. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या सरदाराची सभ्यता वर्णन करताना दोन ओळींत चार नकार योजले आहेत, आणि त्या काळी नकारावर नकार चढवला की तो अधिक पक्का होई, रद्द होत नसे. पुढे 1762 साली रॉबर्ट लोथ या धर्मोपदेशकाने, जो काही वर्षांनी लंडनचा बिशप झाला, इंग्रजी व्याकरणाचे एक छोटेसे पुस्तक आपले नाव न घालता छापले, आणि पुढल्याच वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत, दोन नकार परस्परांचा नाश करतात, असा दंडक घातला. लोथ हा हिब्रू काव्याचा थोर अभ्यासक होता, तेव्हा त्याला काव्यातील पुनरुक्तीचे सौंदर्य कळत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. पण त्या शतकात इंग्लंडातील शिष्ट समाजाला बोलण्याचालण्याचे नियम हवे होते, आणि बीजगणितातील उणे-उणे-अधिक हा न्याय त्याला भाषेतही पटला. आपल्या भाषेवर हा न्याय लावणारा बिशप कोणी निघाला नाही, हे आपले नशीब.

परंतु अनिश्चित सर्वनामाचा खरा खटला नकारावर उभा राहिला नाही; तो उभा राहिला त्याच्या लिंगावर व वचनावर. ‘एव्हरीवन’ एकदा एकवचनी ठरला की त्याच वाक्यात पुढे त्याचा उल्लेख करण्यासाठी कोणते सर्वनाम घ्यावयाचे? इंग्रजीत तृतीयपुरुषी एकवचनी सर्वनामे तीन: ही, शी आणि इट, पैकी ‘इट’ माणसाला लावले तर त्याचा अपमान होतो. बोलणाऱ्या लोकांनी या अडचणीतून फार पूर्वीच वाट काढली होती. ‘दे’ हे अनेकवचनी सर्वनाम, जे स्वतःच उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून इंग्रजीने उसने घेतले होते, ते चौदाव्या शतकापासून अशा ‘कोणी एका’साठी सर्रास वापरात आहे, चॉसरमध्ये ते आढळते, शेक्सपियरमध्ये आढळते, 1611 च्या बायबलच्या भाषांतरात आढळते, आणि जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत तर जागोजाग. ‘एव्हरीबडी’ने आपापली टोपी उचलली म्हणताना ‘देअर’ म्हणावे यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

वावगे वाटू लागले ते व्याकरणकारांना, आणि त्यांना ते वाटले लॅटिनमुळे. इंग्लंडातील मुले ज्या लिलीच्या लॅटिन व्याकरणावर पिढ्यानपिढ्या घोकंपट्टी करीत, त्यात पुल्लिंग हे स्त्रीलिंगापेक्षा ‘अधिक योग्यतेचे’ असा सिद्धांत होता. भिन्नलिंगी नामांना मिळून एकच विशेषण लावावयाचे असेल तर ते पुल्लिंगी घ्यावे, इतक्यापुरताच तो खरे तर होता. पण ‘योग्यता’ हा शब्द एकदा व्याकरणात आला की तो व्याकरणात थांबत नाही. 1745 च्या सुमारास न्यूकॅसल येथील अ‍ॅन फिशर या शिक्षिकेने लिहिलेल्या व्याकरणात हा विचार इंग्रजीत उतरला: स्त्री व पुरुष दोघांचाही समावेश करणाऱ्या सामान्य उल्लेखाला पुरुषवाचक सर्वनाम चालते, असे तिने नमूद केले. इंग्रजी व्याकरण लिहिणारी ही पहिली स्त्री. ती मुलींची शाळा चालवीत असे. चुकीची वाक्ये देऊन विद्यार्थ्यांकडून ती दुरुस्त करवून घेण्याची जी पद्धत आजतागायत आपल्या परीक्षांत चालू आहे, ती रूढ करणाऱ्यांतही तिची गणना होते. तिने हा नियम घातला त्यात सूडाची किंवा दास्याची भावना शोधण्याचे कारण नाही. लॅटिनच्या साच्यात इंग्रजी बसविणे हे त्या काळी विद्वत्तेचे लक्षण होते, आणि विद्वत्तेचा मान मिळवण्याची गरज एका शिक्षिकेला एखाद्या बिशपपेक्षा अधिकच असणार.

नियम लिहिणे वेगळे आणि तो साऱ्या जगाच्या तोंडी घालणे वेगळे. ते दुसरे काम लिंडले मरे याने केले. हा मूळचा अमेरिकन, 1745 मध्ये पेनसिल्व्हेनियात जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये आधी वकिली आणि पुढे व्यापार करून धनवान झालेला. प्रकृती ढासळली, स्नायू निकामी होऊ लागले म्हणून 1784 साली तो इंग्लंडात आला आणि यॉर्क शहरालगत होलगेट येथे घर घेऊन राहिला. चालणे-फिरणे उत्तरोत्तर बंदच झाले. त्या शहरात क्वेकर पंथाच्या लोकांनी मुलींसाठी काढलेली एक शाळा होती. तेथील शिक्षिकांना इंग्रजी व्याकरण धड येईना, म्हणून त्यांनी या पंगू झालेल्या वकिलाकडे शिकवणी मागितली, आणि त्या शिकवणीतून 1795 मध्ये त्याचे व्याकरण छापून निघाले. त्याच्या व त्याच्या संक्षेपाच्या लक्षावधी प्रती इंग्लंड-अमेरिकेत खपल्या, आणि इंग्रजी शिक्षणाबरोबर ते हिंदुस्थानातील शाळांतही पोहोचले. होलगेटच्या बागेतील ज्या छोट्या उन्हाळी घरात तो बसे, ते आज यॉर्कमधील माउंट या मुलींच्या शाळेच्या आवारात जतन करून ठेवलेले आहे.

मरे क्वेकर होता, ही गोष्ट मला या प्रकरणात महत्त्वाची वाटते, जरी त्याने स्वतः तसा संबंध जोडलेला नाही. सतराव्या शतकात, बड्या माणसाला ‘यू’ असे अनेकवचन लावण्याची जी आदराची चाल इंग्लंडात पडली होती, ती क्वेकरांनी धर्मबुद्धीने नाकारली. एक माणूस एकच असतो, त्याला अनेक म्हणणे म्हणजे असत्य भाषण आणि शिवाय अहंकाराची पूजा, असे म्हणून त्यांनी न्यायाधीशालाही ‘दाऊ’, म्हणजे ‘तू’, म्हटले आणि अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. त्यांचा आद्य गुरू जॉर्ज फॉक्स याने 1660 मध्ये आपल्या साथीदारांसह एकवचन व अनेकवचन यांतील भेद नाना भाषांची उदाहरणे देऊन शिकवणारे एक भले मोठे पुस्तकच काढले होते. वचनाच्या बाबतीत इतके कडक सोवळेओवळे पाळणाऱ्या पंथातील माणसाला, एका ‘एनिवन’साठी अनेकवचनी ‘दे’ आलेले पाहून विटाळ झाल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. ‘गुरुजी आले’, ‘वडील रागावले’ असे एका माणसासाठी अनेकवचन बोलत वाढलेल्या आपल्याला ही सत्यनिष्ठा थोडी कर्कश वाटेल; क्वेकरांच्या कसोटीला उतरावयाचे तर निम्मा मराठी समाज रोज खोटे बोलतो असेच म्हणावे लागेल.

मरेने चुकीच्या वाक्यांच्या यादीत, जगात प्रथम पाऊल टाकणाऱ्या ‘कोणा एका’विषयीचे एक ‘दे’युक्त वाक्य दिले आणि ते ‘ही’ घालून दुरुस्त केले. यॉर्कच्या त्या शाळेतील बाके ज्या मुलींनी भरलेली होती, त्यांनाही जगात पाऊल टाकावयाचे होते. पण ते दुरुस्त वाक्य वहीत उतरवून घेताना आपण ‘ही’ झालो आहोत हे त्यांच्यापैकी कितीजणींच्या ध्यानात आले असेल! मरेशी न्यायाने वागावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की, तो पुढच्या मास्तरांइतका हटवादी नव्हता. ‘नन’ म्हणजे मुळात ‘एकही नाही’, म्हणून ते एकवचनीच असले पाहिजे, असा जो दंडक पुढे शाळाशाळांत गाजला, तो मरेचा नाही. व्युत्पत्ती तशी असली तरी चांगल्या लेखकांत दोन्ही वचने आढळतात, सबब दोन्ही ग्राह्य, असे त्याने स्वच्छ लिहिले आहे. ‘नन’पुढे ‘इज’ आणि ‘आर’ दोन्ही चालतात, हे आजही खरे आहे. गुरूने मोकळी ठेवलेली खिडकी शिष्यांनी बंद करावी, हा अनुभव काही इंग्रजी व्याकरणापुरता नाही.

येथपर्यंत हे प्रकरण शाळेच्या भिंतींआड होते. 1850 मध्ये ते कायद्याच्या पुस्तकात गेले. पार्लमेंटचे कायदे पाल्हाळिक होत चालले, ‘तो किंवा ती’, ‘त्याचा किंवा तिचा’ अशा जोड्यांनी कलमे फुगू लागली, म्हणून त्या वर्षी भाषासंक्षेपाचा एक कायदा करण्यात आला: निराळे स्पष्टपणे सांगितलेले नसेल तर पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश समजावा, एकवचनात अनेकवचनाचा आणि अनेकवचनात एकवचनाचा. शाळेतील नियमाला राजाज्ञेचा शिक्का मिळाला. परंतु नियम केला की कोणीतरी तो अक्षरशः पाळून पाहणारच. 1867 मध्ये मताधिकार वाढवणारा कायदा झाला तेव्हा जॉन स्टुअर्ट मिल याने त्यातील ‘मॅन’ शब्दाच्या जागी ‘पर्सन’ घालण्याची सूचना मांडली. ती 73 विरुद्ध 196 मतांनी फेटाळली गेली. मग मँचेस्टर येथील 5,346 स्त्रियांनी निराळी तोड काढली. ‘मॅन’ राहिले ते राहू द्या. 1850 च्या कायद्याने पुल्लिंगात स्त्रिया येतात, तेव्हा या ‘मॅन’मध्ये आम्हीही येतो, असे म्हणून त्यांनी मतदारयादीत नावे घालण्याचा हक्क मागितला. त्याआधी, 1867 मध्येच, त्या शहरातील लिली मॅक्सवेल नावाच्या एका दुकानदारणीचे नाव कारकुनाच्या नजरचुकीने यादीत शिरले होते, आणि तिने सरळ जाऊन मत देऊन टाकले होते. नोव्हेंबर 1868 मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की, स्त्रियांची असमर्थता कायद्याला पूर्वापार मान्य आहे, तेव्हा येथे ‘मॅन’ म्हणजे पुरुषच. एकाच शब्दात स्त्री कधी असते आणि कधी नसते, हे ठरविण्याचे काम यापुढे व्याकरणाकडे राहिले नाही.

अटलांटिकपलीकडे सुसान अँथनी हिने 1872 मध्ये मत दिल्याबद्दल खटला ओढवून घेतला आणि पुढल्या वर्षी भाषणे करताना नेमके सर्वनामावरच बोट ठेवले: कर वसूल करणाऱ्या आणि फाशी देणाऱ्या कायद्यांतही ‘ही’ आणि ‘हिज’ हेच शब्द आहेत, त्यांचा अर्थ केवळ पुरुष असा असेल तर स्त्रियांना करही माफ करा आणि फाशीही. तिला शंभर डॉलर दंड झाला. तो तिने शेवटपर्यंत भरला नाही.

आपल्याकडे हा वाद मेकॉलेच्या हाताने आला. त्याने 1837 मध्ये मसुदा केलेला आणि 1860 मध्ये संमत झालेला दंडविधीचा कायदा ज्याने चाळला असेल त्याला आठवेल की, त्यातील अपराधाची बहुतेक कलमे ‘हूएव्हर’ या शब्दाने सुरू होतात. मराठीत त्याचे ‘जो कोणी’ झाले, आणि ‘जो कोणी’ म्हणताच त्याच्यामागोमाग ‘त्याला’ येणे अपरिहार्य झाले. आठव्या कलमात खुलासा होताच, की ‘ही’ हे सर्वनाम पुरुष व स्त्री दोघांसाठी आहे. चोरी करणारी, खून करणारी, खोटी साक्ष देणारी स्त्री याप्रमाणे ‘ही’मध्ये सामावली गेली आणि त्यावर एकाही वकिलाने हरकत घेतली नाही. परंतु 1916 मध्ये कलकत्त्याच्या रेजिना गुहा यांनी, एम.ए. आणि कायद्याची पदवी हाती असताना, वकिलीच्या सनदेसाठी अर्ज केला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या ध्यानात आले की 1879 च्या वकिलीच्या कायद्यातील ‘पर्सन’मध्ये स्त्री येत नाही, जरी सर्वसाधारण परिभाषेचा 1868 चा कायदा पुल्लिंगात स्त्रीचा समावेश करीत होता तरी. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहताना बाई ‘कोणी’ होती, आणि त्या पिंजऱ्यापासून चार हात अंतरावर, वकिलाच्या मेजापाशी उभी राहताना ती ‘कोणी’ नव्हती. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन ऑक्सफर्डला कायदा शिकून आलेल्या आणि 1897 मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. झालेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना वकील म्हणून सनद मिळण्यास 1921 साल उजाडावे लागले, तेही अलाहाबादेस. आणि सबंध देशापुरता अडसर 1923 च्या एका स्वतंत्र कायद्याने निघाला. ब्रिटिश साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने कॅनडातील एका प्रकरणात ‘पर्सन’ म्हणजे स्त्रीसुद्धा, असे म्हटले ते 1929 च्या ऑक्टोबरात. हे वाद मराठीत चालले असते तर न्यायमूर्तींची पंचाईत झाली असती, कारण ‘पर्सन’साठी आपला शब्द ‘व्यक्ती’ आणि तो स्त्रीलिंगी. त्यात पुरुष येतात की नाही हेच आधी ठरवावे लागले असते.

या अवधीत नवे सर्वनाम घडविण्याची खटपट करणारेही निघाले. भजनाच्या एका प्रसिद्ध चालीचा कर्ता चार्ल्स कॉन्व्हर्स हा अमेरिकन वकील. त्याने 1884 मध्ये ‘थॉन’ असा शब्द सुचवला, तो मोठमोठ्या शब्दकोशांत गेलाही, आणि 1961 च्या वेबस्टरमधून निमूटपणे बाहेर पडला. 1912 मध्ये शिकागोच्या शाळाप्रमुख एला यंग यांनी ‘हीअर’ हे ‘ही’ व ‘हर’ यांचे कडबोळे पुढे केले. सर्वनामे ही टाकसाळीतून काढता येत नाहीत. ती नदीतल्या गोट्यांसारखी झिजूनच होतात.

आमच्या शाळांत या सर्व भांडणाचा फक्त निकाल पोहोचला, भांडण नाही. आधी नेसफील्ड, नंतर रेन आणि मार्टिन यांची व्याकरणे आली. यांतला रेन म्हणजे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेला आणि पुढे ‘बो जेस्ट’ या परदेशी पलटणीवरील कादंबरीने गाजलेला तोच गृहस्थ. ईच, आयदर, नायदर यांना इतर अनिश्चित सर्वनामांपासून तोडून ‘डिस्ट्रिब्यूटिव’ या वेगळ्या कोठडीत ठेवण्याची मरेची वाटणी या पुस्तकांतूनही तशीच राहिली, आणि यॉर्कच्या मुलींसाठी केलेली ती कोठडी सातारा-सोलापूरच्या मुलांनी पाठ केली. आमच्या वर्गात एकाने ‘एव्हरीबडी हॅव कम’ असे लिहिले, तेव्हा मास्तरांनी त्याला उभे करून विचारले, “प्रत्येक म्हणजे किती रे?” तो म्हणाला, “सगळे, सर.” “गाढवा, प्रत्येक म्हणजे एक!” त्यावर त्या मुलाने फार निरागसपणे विचारले, “मग सर, सगळे कोण?” मास्तरांनी त्याला खाली बसवले, आता वाटते की, तो प्रश्न लोथ आणि मरे यांना विचारण्याच्या तोलाचा होता. त्याच तासाला ‘प्रत्येकाने आपले कर्तव्य करावे’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्यातील रिकामी जागा भरावयाची होती, आणि पलीकडच्या रांगेतील मुलींनीही तेथे मुकाट्याने ‘हिज’ लिहिले होते. ‘वन’पुढे मात्र ‘हिज’ न लिहिता ‘वन्स’ लिहावे, हे मास्तरांनी तीनतीनदा बजावले. अमेरिकेत ‘वन’पुढे ‘हिज’ चालते हे त्यांना कळते तर त्यांनी अमेरिकेलाही खाली बसवले असते.

आणि तरीसुद्धा, या नियमाचा सर्वांत कडवा पुरस्कर्ता इंग्रजदेखील ‘सगळे आले ना?’ असे विचारताना ‘एव्हरीवन हॅज कम, हॅवन्ट दे?’ असेच म्हणतो. वाक्याच्या पूर्वार्धात शिरगणती एकवचनी आणि उत्तरार्धात समुदाय अनेकवचनी, दोन्ही एका श्वासात. अंधारात दार वाजले की तोच इंग्रज ‘हू इज इट?’ असे विचारतो, म्हणजे माणसाला न चालणारे ‘इट’ उंबऱ्याबाहेरच्या अज्ञात माणसाला चालते. आपली म्हातारी आतून ‘कोण आहे ते?’ म्हणते, आणि दार उघडेपर्यंत तो येणारा ना पुरुष असतो ना स्त्री. ‘कोणीतरी आलंय’ यातील नपुंसकलिंग त्याला त्या दोन क्षणांपुरते आसरा देते. मराठीला ही सोय जन्मतः मिळाली. पण ‘जो कोणी’ लिहिणाऱ्या कायद्याच्या भाषांतरकाराला तिचा उपयोग करता आला नाही.

ब्रिटिश सरकारने 2007 मध्ये आपले कायदे यापुढे केवळ पुल्लिंगात लिहिले जाणार नाहीत असे जाहीर केले. अमेरिकेतील मेरियम-वेबस्टर कोशाने 2019 चा वर्षशब्द म्हणून ‘दे’ हा कित्येक शतकांचा जुना शब्द निवडला, आणि परीक्षेत एरवी क्रियापद एकवचनी ठेवून सर्वनाम ‘दे’ घेणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापणे आता पुष्कळ ठिकाणी बंद झाले आहे. मेकॉलेचा कायदा जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली, तिच्या इंग्रजी पाठातील अपराधाची कलमे अजून ‘हूएव्हर’नेच सुरू होतात, फक्त ‘ही’ म्हणजे कोण, हे सांगणाऱ्या कलमात पुरुष आणि स्त्री यांच्यापुढे आता तृतीयपंथी व्यक्तीचीही नोंद झाली आहे.